अनुभव सांगा: मुलांचं मैदान, ऊन आणि चष्म्याचा नंबर

शेवंती (पुणे)
धाकटीला यंदा चष्मा लागला, मायनस सव्वा. मला वाटलं होतं, डॉक्टर आधी मोबाइलवरून झापतील. त्यांचा पहिला प्रश्न मात्र, "बाहेर खेळायला किती वेळ जाते?" मायनस नंबरात डोळ्याचा गोळा लांबत जातो, बाहेरच्या भरपूर उजेडात दृष्टिपटलात (डोळ्याच्या मागच्या पडद्यात) डोपामिन नावाचं रसायन जास्त सुटतं आणि त्याने हे लांबणं आवरतं, असं मानतात म्हणाल्या. गाजराचा काही संबंध नाही. (सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.) तुमच्या घरी काय घडलं ते लिहा. पटणारं, न पटणारं, सगळं चालेल.

दूरदेशी (सिंगापूर)
इथे लेकाच्या वर्गात बिनचष्म्याची पोरं शोधावी लागतात. नवरा म्हणायचा, "हे यांच्या रक्तातच आहे." मग मी त्याला २००८ सालचा एक अभ्यास वाचायला दिला. सिडनी आणि सिंगापूरमधली, चिनी वंशाचीच, सहा-सात वर्षांची मुलं. मायनस नंबर इथे २९ टक्के मुलांना, तिथे जेमतेम ३ टक्के. सिडनीची मुलं आठवड्याला सुमारे १४ तास घराबाहेर, इथली ३ तास. गंमत म्हणजे पुस्तकं सिडनीवालीच जास्त वाचत होती! तेव्हापासून संध्याकाळचा एक क्लास बंद केलाय. नंबर अजून लागलेला नाही. त्यामुळेच, असं मात्र छातीठोकपणे सांगणार नाही.

खडूफळा (नाशिक)
शाळेत पी.टी.चा तास नेहमी गणित खातं. चीनमध्ये ग्वांगझूच्या काही शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा मैदानी तास दिला. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना नंबर लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. हे वाचून मी मराठीचा तास वडाच्या पारावर घ्यायला लागले. पोरं खूश. पण दोन आया तक्रार घेऊन आल्या: "बाई, पोरगी उन्हात काळवंडेल, उद्या लग्नाला अडचण." आता काय बोलणार!

आडवाट (राजापूर)
माझं लहानपण आंब्या-काजूच्या झाडांवर गेलं. दिवे लागले तरी घरात पाय नसायचा. तरीही आठवीत चष्मा, आज मायनस चार. आई-बाबा दोघांनाही जाड भिंगं. तेव्हा अनुवंशही लक्षात घ्या. नाहीतर ज्याच्या पोराला नंबर, त्या आईलाच सगळे बोल लावतात.

भिंगवाला
ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा) आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. बऱ्याच वर्गांत बाकावर ३००-५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो हजारांत जातो, उघड्या उन्हात लाखापर्यंत. घरात आपल्याला लख्ख वाटतं ते बुबुळातली बाहुली मोठी होते आणि दृष्टिपटलही कमी उजेडाला जुळवून घेतं म्हणून. तेव्हा भर दुपारी मुलांना तापवू नका, सावली चालते, टोपीही चालते. सूर्याकडे टक लावून बघायचं तर अजिबात नाही, दृष्टिपटल भाजतं. आणि खडूफळा बाई, त्या आयांना सांगा, वडाखाली काम भागतं.
दुसरं: लागलेला नंबर मैदानाने उतरत नाही. बाहेर खेळण्याचा खरा फायदा नंबर लागण्याआधी, किंवा तो उशिरा लागावा म्हणून. लागल्यावर त्याची वाढ रोखायला कमी मात्रेचे अॅट्रोपिन ड्रॉप्स किंवा खास भिंगं असतात, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

तिसरामजला (डोंबिवली)
सगळं खरं, पण मैदान कुठाय? आमच्या सोसायटीत जिथे लंगडी खेळायचो तिथे आता गाड्या. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे. आम्ही चार घरांनी मिळून अर्ज दिला, बरीच वादावादी झाली. आता पाच ते सात गच्ची उघडी असते, एका मोठ्या माणसाने थांबायचं या अटीवर. मंगळवार माझा.

शेवंती
@भिंगवाला, धाकटीला तेच ड्रॉप्स सुरू केलेत, रात्री झोपताना एकेक थेंब. सकाळी उजेडात डोळे बारीक करते. आणखी कोणाच्या मुलांना असं होतं का? पुढच्या तपासणीला विचारणारच आहे.