अनुभव धागा : कोलकात्याच्या भुयारी मेट्रोच्या पोटातल्या गोष्टी

सोलापुरात भुयारी रेल्वे नाही. परंतु टॉवेल आणि गणवेशांच्या व्यापारासाठी, रेल्वेच्या नोकरीसाठी आणि सोन्याचांदीच्या गलाईसाठी आपल्या जिल्ह्यातील माणसे वर्षानुवर्षे कोलकात्याला जात आली आहेत. देशातील पहिली मेट्रो त्याच शहरात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर या टप्प्यावर सुरू झाली. माहितीपत्रकात न सापडणारे असे जे आपण तेथे पाहिले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त रेल्वे कर्मचारी, रामवाडी

रुळाकडे आधी नजर जाणे ही आमच्या खात्यातील माणसाची सवय असते. कोलकात्याचा जुना उत्तर-दक्षिण मार्ग आपल्या सोलापूर विभागासारखाच ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असलेला, आहे. मात्र डोक्यावर तार नाही, शेजारून धावणाऱ्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्टचा प्रवाह गाडीला मिळतो, त्यामुळे बोगद्याची उंची कमी ठेवता येते. नवा पूर्व-पश्चिम मार्ग मात्र १४३५ मिलिमीटरचा आहे. दोन्ही मार्ग एस्प्लनेडला भेटतात, प्रवासी एकावरून दुसऱ्यावर जातो, पण एका मार्गाची गाडी दुसऱ्यावर कधीच जाऊ शकणार नाही, कारण मध्ये २४१ मिलिमीटरचा फरक आहे. हे कळल्यापासून त्या स्थानकात मी दोन्ही फलाटांवर मुद्दाम जाऊन येतो.

आज दमदमहून टालीगंजला सलग जाणाऱ्या तरुणांना हेही ठाऊक नसते की १९९५च्या सप्टेंबरपर्यंत ही वाट तुटकच होती. दमदम-बेलगाछिया हा उत्तरेकडील तुकडा तर प्रवासी मिळेनात म्हणून १९९२मध्ये बंद ठेवावा लागला होता. पुढे तो जोडला गेला आणि त्याच दमदमला गर्दी मावेनाशी झाली.

टेरी टॉवेलचे व्यापारी, अक्कलकोट रस्ता

बडा बाजारला जायचे तर महात्मा गांधी रोड स्थानक सोयीचे. नवख्या माणसाने एवढे ध्यानात ठेवावे की टालीगंज स्थानकाच्या पाटीवर महानायक उत्तमकुमार असे लिहिलेले असते आणि रिक्षावाला टालीगंजच म्हणतो. दक्षिणेकडे मास्टरदा सूर्य सेन, कवी नजरुल, शहीद खुदीराम अशी नावे एकामागून एक येतात. ती वाचत गेल्यास बंगालचा बराचसा इतिहास नजरेखालून जातो, आणि मला ही पद्धत मनापासून आवडते.

चित्रकलेची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

रवींद्र सदन स्थानकाच्या भिंतींवर रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांच्या प्रतिकृती आहेत. लिहिताना खोडलेल्या शब्दांवर त्यांनी रेघा ओढत नेल्या आणि त्या रेघांतून पक्ष्यांसारखे, मुखवट्यांसारखे आकार तयार झाले. खोडलेला शब्द त्या काळ्या आकाराच्या आत अजून कुठे कुठे वाचता येतो का, हे शोधत मी उभी राहिले आणि दोन गाड्या निघून गेल्या.

गलाई व्यावसायिक, सांगोला तालुका

आमच्या चुलत्यांचे गलाईचे दुकान बऊबाजारात आहे. जुने दागिने मुशीत वितळवून सोने शुद्ध करणे हे आमचे काम, आणि तो भाग सोनारांचाच. नव्या मार्गाचे खोदयंत्र ३१ ऑगस्ट २०१९ रोजी त्याच्या खाली जमिनीतील पाण्याच्या साठ्याला लागले. कोलकात्याची जमीन नदीच्या गाळाची आहे. पाणी बोगद्यात शिरले तसे त्याच्याबरोबर माती वाहून गेली आणि वरची घरे खचली. दुर्गा पितुरी लेन आणि शेजारच्या गल्ल्यांमधील कुटुंबांना नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडावे लागले.

बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही, पण सोनाराच्या दुकानातील झाडलोटीची मातीही मोलाची असते, कारण तिच्यात सोन्याचे कण असतात आणि ती धुऊन घेणारी आमच्यासारखी माणसे त्यावर पोट भरतात. हत्यारे, तराजू आणि ती माती आत राहिलेले कारागीर रस्त्यावर उभे होते. चुलत्यांच्या इमारतीला फक्त भेग पडली. भेगेच्या दोन्ही टोकांना त्यांनी पेन्सिलीने खुणा करून तारीख लिहिली आणि दर रविवारी ती वाढली का ते पाहत राहिले. २०२२मध्ये पुन्हा पाणी झिरपले, पुन्हा लोकांना घरे सोडावी लागली. सियालदह ते एस्प्लनेड हा मधला तुकडा त्यामुळेच सर्वांत शेवटी, २२ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाला. नव्या मेट्रोचे कौतुक मीही करतो. पण त्या गल्ल्यांची आठवण ठेवल्यावाचून ते करू नये, असे माझे ठाम मत आहे.

गृहिणी, विजापूर रस्ता

यजमानांच्या बदलीमुळे आम्ही हावड्याला होतो. २०२४च्या मार्चमध्ये हुगळीखालून गाडी सुरू झाली, तेव्हा सासूबाईंना घेऊन गेले. नदीखालचा भाग सुमारे ५२० मीटरचा आहे आणि गाडी तो पाऊण मिनिटात पार करते; पाण्याखाली आल्याची खूण म्हणून बोगद्यात निळे दिवे आहेत. सासूबाईंनी हात जोडले, कारण त्यांच्या मते ती गंगाच होती आणि तिच्या खालून जाताना तिला नमस्कार करणे भागच होते. डब्यातील दोन बंगाली आजींनीही तसेच केले. मग भाषा अवगत नसतानाही तिघी महाकरण स्थानक येईपर्यंत एकमेकींशी बोलत होत्या.