घरच्या लेपर्ड गेकोची पिल्लं काढावीत का?

रेडिंगची_रहिवासी
लेकीकडे (वय १४) लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांची पाळीव पाल आहे. मादी, तीन वर्षांची, वजन ६२ ग्रॅम, शेपटी गुबगुबीत. नाव चकली. लेकीच्या मैत्रिणीकडे नर आहे. दोघींनी परस्पर ठरवून टाकलंय की जोडी लावायची, पिल्लं काढायची आणि शाळेतल्या मुलांना द्यायची. नवरा म्हणतो, करू दे की, जीवशास्त्र शिकेल. माझं मन घेत नाही, पण पोरीला पटेल असं कारणही सापडत नाही. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. दोन्ही बाजूंनी लिहा. फक्त "शी, पाल!" नको, ते सासूबाईंकडून रोज मिळतं.

खडूस_काका
कारण देतो. हिशोब करा. एकदा नर लावला की मादी वीर्य साठवून ठेवते आणि त्या हंगामात पुन्हा नर न लावताही अंडी घालत राहते. दर दोन-चार आठवड्यांनी दोन-दोन. पाचसहा वेळा घातली तरी दहा-बारा पिल्लं. वयात आलेले नर एकत्र ठेवता येत नाहीत, एकमेकांना फाडतात. म्हणजे प्रत्येकाला वेगळी पेटी, वेगळी हीट मॅट (ऊब देणारी चटई), वेगळे रातकिडे. नीट ठेवलं तर हा प्राणी १५-२० वर्षं जगतो. तुमची लेक चौतिशीची होईल तेव्हा यातली काही पिल्लं कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर असतील. शाळेतल्या मुलांना द्यायची म्हणजे त्यांच्या आयांना द्यायची. त्यांना विचारलंय?

जर्सीचा_गेकोवाला
काका नेहमीप्रमाणे घाबरवतायत. मी न्यू जर्सीत हे हौसेने करतो, म्हणून लिहितो.

सगळी अंडी उबवायची सक्ती नाही. नको असलेली अंडी घातली त्याच दिवशी फ्रीझरमध्ये जातात. ऐकायला कसंतरी वाटेल, पण जबाबदारीने करणारे हेच करतात. दुसरं म्हणजे नर की मादी हे उबवणीचं तापमान ठरवतं. साधारण २७ अंशांवर बहुतेक माद्या, ३२ च्या आसपास बहुतेक नर, आणि ३४ च्या वर पुन्हा माद्या, पण त्या चिडक्या निघतात असा अनुभव आहे. २७ वर ठेवा, नरांच्या मारामारीचा प्रश्न जवळपास मिटतो.

आणि शिकणं म्हणाल तर याला तोड नाही. अंडं कोंबडीसारखं टणक नसतं, कातड्यासारखं मऊ असतं. उचलताना वरच्या बाजूला पेन्सिलने बारीक खूण करायची आणि तसंच्या तसं ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या भुशात) ठेवायचं. उलटलं तर आतला जीव दगावू शकतो. आठवड्याभराने अंधारात खालून टॉर्च लावला की गुलाबी झाक आणि त्यात लाल केसासारख्या रेषा दिसतात. पिल्लू तीन ग्रॅमचं. पहिली कात टाकेपर्यंत सहसा काही खात नाही. पोरीला हे पुस्तकातून समजणार आहे का?

दुकानात येणारी पिल्लं बऱ्याचदा मोठ्या कारखान्यासारख्या जागांतून येतात, आईबापांचा पत्ता नसतो. त्यापेक्षा घरी वाढवलेलं, नोंद ठेवलेलं पिल्लू शंभर पटीने बरं.

शेपटीवाली_डॉक्टर
प्राणीवैद्य आहे, सरपटणारे पेशंट बरेच येतात. मादीचं वय आणि वजन ठीक आहे. पण नराबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. रंग काय? कुठून आणला? त्याचे आईबाप माहीत आहेत?

या छंदात रंगाच्या वाणांना मॉर्फ म्हणतात आणि काही मॉर्फ आजार बरोबर घेऊन येतात. एनिग्मा नावाच्या मॉर्फमध्ये मेंदूचा दोष दिसतो: मान वाकडी, गोल गोल फिरणं, भक्ष्यावर नेम न बसणं. तो प्रबळ गुण आहे, एकाच पालकात असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो. लेमन फ्रॉस्ट दिसायला फार देखणा. २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की या मॉर्फच्या ८० टक्क्यांहून जास्त गेकोंना रंगपेशींच्या गाठी होतात. अल्बिनोंचेही तीन वेगळे वाण आहेत. ते एकमेकांत मिसळले की पिल्लं साधी दिसतात आणि ती पुढे घेणाऱ्याला त्यांच्यात कुठले गुण लपलेत ते कळतच नाही.

शिवाय क्रिप्टोस्पोरिडियम. या परजीवीने शेपटी काडीसारखी होते आणि साध्या ब्लीचने तो जात नाही. दोन्ही जनावरांच्या विष्ठेची पीसीआर तपासणी झाल्याशिवाय त्यांना एका खोलीतसुद्धा आणू नका.

रेडिंगची_रहिवासी
लेकीला विचारलं. नर एका दुकानातला, पांढरट-पिवळा, ठिपके विस्कटलेले. कागदपत्रं नाहीत. रातकिडा टाकला की आधी मान तिरकी करतो आणि एकदोनदा चुकतो. मैत्रीण म्हणते, किती गोड दिसतो. 😐

शेपटीवाली_डॉक्टर
ताई, न बघता निदान करणार नाही. कानाचा संसर्ग किंवा जीवनसत्त्वांची कमतरता असली तरी मान तिरकी होते. पण या नराची पिल्लं काढू नका. नराला मात्र डॉक्टरकडे न्यायला सांगा. एनिग्मा असला तरी शांत जागा आणि कमी ताण मिळाला तर यातले बरेच व्यवस्थित जगतात.

जर्सीचा_गेकोवाला
या नरापुरतं डॉक्टरांशी पूर्ण सहमत. दुसरा नर शोधा, वंशावळ असलेला. हॅमबर्गच्या रेप्टाइल शोला (जर्मनीतलं नव्हे, आमच्या पेनसिल्व्हेनियातलं) विकणारे आईबापांचे फोटो घेऊन बसतात. तुमच्याकडेही असे मेळावे होतात.

खडूस_काका
म्हणजे एका नराला नकार मिळाला की दुसरा विकत आणायचा! मग तो नर आयुष्यभर पाळणार कोण? त्याला चकलीबरोबर ठेवता येत नाही, सतत मागे लागून तिला हैराण करेल. पिल्लांच्या प्रश्नाआधीच घरात एक जनावर वाढलं. आणि मुळात लेपर्ड गेकोंची कमी आहे कुठे? लोकांनी सोडून दिलेल्यांना घर मिळत नाही. पिल्लं कशाला हवीत, असलेल्यातला एक आणा.

जर्सीचा_गेकोवाला
काका, सगळ्यांनी तसंच केलं तर चांगली, निरोगी वंशरेषा टिकवणार कोण? फक्त कारखानेच उरतील.

खडूस_काका
एका चौदा वर्षांच्या मुलीने रेडिंगमध्ये ती टिकवायची गरज नाही.

पुण्याचा_निशाचर
अवांतर: आपल्या पश्चिम महाराष्ट्रातही याची भावकी आहे, युब्लेफॅरिस फस्कस. सातपुड्यातली जात तर २०१४ मध्ये शास्त्रीय नोंदीत आली. पावसाळ्यात रात्री रस्त्यावर दिसते आणि लोक विषारी समजून ठेचतात. ती बिनविषारी आहे. आणि कुणी "पिल्लं काढून जंगलात सोडू" म्हणालं तर आधीच सांगतो, पाळीव मिश्र वाणाची पिल्लं कुठेही सोडायची नसतात. घरातल्या पैदाशीचा आणि संवर्धनाचा काही संबंध नाही.

लंडनचा_वकीलबुवा
कायद्याचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये २०१८ पासूनच्या नियमांनुसार पाळीव म्हणून प्राणी विकण्याचा व्यवसाय असेल तर काउन्सिलचा परवाना लागतो. हौशी माणसाने जास्तीची चार पिल्लं दिली तर सहसा प्रश्न नाही. पण जाहिरात करून नफ्यासाठी विकू लागलात की बघितलं जातं. विक्रीचं उत्पन्न वर्षाला हजार पौंडांच्या वर जातंय का, ही व्यवसाय ओळखायची एक खूण आहे.

रेडिंगची_रहिवासी
लेकीला धागा वाचायला दिला. मान तिरकी असल्याचा भाग वाचून गप्प झाली, बाकीच्यावर मात्र अजून वाद घालतेय. दुसरा नर आणायचा नाही, एवढं आमचं दोघांचं ठरलं. पण तिचा प्रश्न आहे की नर नसताना चकलीने अंडी घातली तर?

शेपटीवाली_डॉक्टर
घालू शकते, ती फलित नसतील. झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात ओलसर शेवाळ किंवा नारळाचा काथ्या भरून आत ठेवा. कॅल्शियमची वाटी रिकामी राहू देऊ नका. अंड्यांचे फुगवटे दिसतात पण अंडी येत नाहीत, ती उकरतेय आणि मलूल झालीय, असं दिसलं तर वाट बघू नका, लगेच दवाखाना.

रेडिंगची_रहिवासी
डबा आजच करते. आता मैत्रिणीच्या आईला नराबद्दल सांगायचंय. त्यांनी तो वाढदिवसाची भेट म्हणून आणलाय, त्यामुळे कसं सुचवायचं ते सांगा कुणीतरी.