जुन्या कचराभूमीशेजारचा लेआउट: बोअरचं पाणी बिघडलंय का, हे कसं शोधायचं?

लेआउट_पूर्व
पूर्व नागपुरातला लेआउट. नाल्यापलीकडे जुना कचरा पुरून वर मुरूम टाकलेली जमीन आहे, तिच्या कडेपासून पहिलं घर साधारण १२० मीटरवर. आमच्याकडे ५ बोअर आणि २ जुन्या विहिरी. प्यायला नळाचं पाणी, बाकी सगळी कामं बोअरवर. दोन बोअरचं पाणी काढताना स्वच्छ दिसतं, तासाभरात पिवळसर होतं आणि बादलीला तांबूस थर बसतो. त्यातल्या एकाची लॅबमधून साधी पिण्यायोग्यता चाचणी केली: टीडीएस (विरघळलेले क्षार) ११४०, क्लोराइड २६०, कठीणपणा ५१०, नायट्रेट ६, लोह १.९ (सगळे मिलिग्रॅम प्रतिलिटर), कोलिफॉर्म जिवाणू नाहीत. "लोह सोडलं तर ठीक," असं लॅबचं म्हणणं. वर्गणीतून दहा-बारा नमुने तपासता येतील. पैसा कुठे लावावा?

भूजल_विदर्भ
या अहवालातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा नायट्रेटचा आहे, आणि तो कमी आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. जुन्या वस्तीत सेप्टिक टँक, गटारं, नाला यांच्यामुळे बोअरमध्ये नायट्रेट सहसा वाढलेलं असतं, ४५ ची मर्यादा ओलांडणारे बोअर पुष्कळ सापडतात. तुमच्याकडे क्लोराइड आहे, लोह आहे, पण नायट्रेट जवळजवळ नाही. म्हणजे पाण्यात ऑक्सिजन संपलेला आहे. कुजणाऱ्या कचऱ्यातून झिरपणारं पाणी (लीचेट) नेमकं असंच वागतं: नायट्रेट संपतं, अमोनिया राहतो, खडकातलं आणि मुरमातलं लोह-मँगनीज विरघळून बाहेर येतं. काळं पडलेल्या नाल्याच्या काठीही असं होतं, त्यामुळे एवढ्यावरून कचऱ्यावर ठपका ठेवता येणार नाही. फरक दाखवणाऱ्या चाचण्या लावा:

पोटॅशियम सगळ्यात आधी. आपल्या कठीण खडकातल्या पाण्यात ते सहसा एक आकडी असतं, लीचेटमध्ये शेकड्यांत. पुष्कळ पातळ झाल्यावरही ते उठून दिसतं. मात्र ते चिकणमातीत अडकतं, म्हणून सापडलं नाही तर कचरा निर्दोष ठरत नाही. त्याच्या जोडीला अमोनिया (पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.५), बोरॉन, बायकार्बोनेट, मँगनीज आणि सीओडी (सेंद्रिय घाण किती ते दाखवणारा आकडा). बोरॉन साबणातूनही येतं, तेव्हा नाल्याच्या पाण्याचा एक नमुना याच यादीसाठी द्याच. तो नसेल तर नाला आणि कचरा वेगळे काढता येणार नाहीत. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, निकेल दोनच ठिकाणी करा, ज्या बोअरमध्ये वरचे आकडे वाईट येतील तिथे. पहिल्याच फेरीत सगळीकडे जड धातू लावले की पैसे संपतात आणि हाती 'आढळले नाही' असे दहा कागद येतात.

नमुने असे वाटा: दोन्ही पिवळे बोअर, एक चांगला बोअर, दोन्ही विहिरी, नाला, आणि कचऱ्यापासून व नाल्यापासून दूर, चढाच्या बाजूचा एक बोअर. सात झाले. उरलेले पावसाळ्यानंतरच्या फेरीसाठी राखून ठेवा. मे आणि नोव्हेंबर अशा दोन फेऱ्या हव्यातच.

नमुना_टिपण
वरची यादी बरोबर आहे, पण नमुना चुकीचा घेतला तर ती वाया जाईल. तुमचं पाणी हवेत पिवळं होतं, म्हणजे लोह विरघळलेलं आहे. साध्या बाटलीत भरून दुसऱ्या दिवशी लॅबला दिलं की लोह तळाशी बसतं आणि आर्सेनिक, शिसं त्याला चिकटून खाली जातं. वरचं पाणी तपासलं की अहवाल छान येतो.

धातूंसाठी: जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळायचं, मग नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली. क्रम उलटा केला, म्हणजे गढूळ पाण्यात आधी आम्ल घातलं, तर गाळातलं लोहही विरघळून आकडा खोटा फुगतो. अमोनिया-सीओडीसाठी वेगळी बाटली, सल्फ्युरिक आम्ल. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली, बर्फात, शक्यतो ६ ते ८ तासांत लॅबमध्ये. आम्ल घातलेल्या बाटल्या लॅबकडूनच मागा, घरी आम्ल हाताळू नका.

पाइपात साचलेलं पाणी आधी उपसायचं. ६ इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे १८ लिटर पाणी असतं. पाण्याचा उभा स्तंभ ४० मीटर असेल तर ७२० लिटर, त्याच्या तिप्पट म्हणजे २१६० लिटर. १५ लिटरची बादली २० सेकंदांत भरत असेल तर ४८ मिनिटं पंप चालवा. हातात ईसी मीटर (पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं) असेल तर पाच-पाच मिनिटांनी तीन आकडे सारखे आले की भरा. टाकीतून, सॉफ्टनरनंतरच्या किंवा आरओच्या नळातून कधीही घेऊ नका. वापरात नसलेल्या विहिरीचं वरचं शेवाळलेलं पाणीही उपयोगाचं नाही.

लेआउट_पूर्व
सविस्तर लिहिल्याबद्दल आभार दोघांचे. दोन शंका. तिसरा बोअर पिवळ्या बोअरपासून ३० मीटरवरच आहे आणि अगदी स्वच्छ आहे, हे कसं? आणि कचऱ्याच्या बाजूच्या एका घराला तळघर आहे, तिथे पावसाळ्यात कुबट वास येतो.

भूजल_विदर्भ
कठीण खडकात हे नेहमीचं. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट आहे, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना नाइस खडक. दोन्हींत पाणी भेगांतून चालतं. शेजारचे दोन बोअर वेगवेगळ्या भेगांवर असू शकतात. त्याहून साधं कारण केसिंगचं (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप): ते मुरमातच संपलं असेल तर वरचं घाण पाणी त्याच्या बुडाशी थेट आत शिरतं. बोअर मारणाऱ्याकडून प्रत्येक बोअरची खोली, केसिंग किती फूट आणि पाणी कितीला लागलं हे लिहून घ्या.

पाण्याची दिशा स्वतः काढता येते. रेषेत नसलेले तीन बोअर किंवा विहिरी निवडा, सगळे पंप रात्रभर बंद ठेवा, सकाळी दोर सोडून पाण्यापर्यंतची खोली मोजा. मिस्त्री वापरतात त्या पारदर्शक लेव्हल पाइपने तिन्ही कठड्यांची उंची एकमेकांशी जुळवा. उंचीतून खोली वजा केली की पाणी कुठून कुठे उतरतं ते कळतं. नाल्याच्या पाण्याची पातळीही त्याच मापात घ्या: ती विहिरीपेक्षा वर असेल तर नाला तुमच्याकडे झिरपतोय. ही दिशा मोठ्या भेगेजवळ फसवू शकते, पण नमुने कुठे घ्यायचे ते ठरवायला पुरते.

वायू_माती
तळघराचं काम पाण्याच्या आधी करा. कचऱ्यातून मिथेन निघतो. हवेत ५ ते १५ टक्के झाला तर ठिणगीनेही पेटतो. त्याला स्वतःचा वास नसतो, म्हणून वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका. पावसाळ्यात वरची माती भिजून बंद होते, वायू आडवा सरकतो आणि पाइपच्या चरातून, केबलच्या भोकातून घरात येतो. मिथेन, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन तिन्ही दाखवणारं मीटर भाड्याने आणा. आत शिरण्याआधी दारातून नळी सोडून मोजा, मग कोपरे, फरशीचे तडे, गटाराचं तोंड. पेटत्या काडीने तपासणं किंवा आत गेल्यावर दिवा लावणं नाही. हवेत १ टक्का मिथेन दिसला तरी घर रिकामं करून अग्निशमन दलाला कळवा. सेप्टिक टँकचा वायूही असाच असतो, त्यामुळे कुंपणाजवळ जमिनीत पहारीने मीटरभर भोक पाडून तिथेही मोजा. मात्र आधी वीज-पाण्याच्या लाइन कुठून जातात ते पाहा.

परसबाग असेल तर मातीचे नमुने ० ते १५ सेंटिमीटर, एका वाफ्यातून पाच ठिकाणचे एकत्र. काळ्या मातीत क्रोमियम, निकेल मुळातच जास्त असतं, तेव्हा दूरच्या तशाच मातीचा नमुना जोडल्याशिवाय आकड्यांना घाबरू नका.

जुना_नकाशा
कचरा खरंच कुठवर पुरला आहे ते आधी बघा. आजचं कुंपण म्हणजे जुनी कड नव्हे. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं मागे सरकवत जा. त्याआधीच्या काळासाठी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर १९६० च्या दशकातली कोरोना उपग्रहाची छायाचित्रं मिळतात. जुन्या सर्व्हे ऑफ इंडिया नकाशावर खदान दिसली आणि आज तिथे सपाट मैदान असेल, तर ती कशाने भरली हा पुढचा प्रश्न.

माहिती अधिकाराचा अर्जही टाका. २०१६ च्या घनकचरा नियमांत भरावभूमीच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतल्या भूजलाची उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर तपासणी सांगितली होती, आणि बंद केल्यावर किमान १५ वर्षं देखभाल. महापालिकेकडे फक्त ते अहवाल मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि सहसा १५० शब्दांत असावा लागतो, शुल्क १० रुपये. मंडळाच्या परवानगीची कागदपत्रं हवी असतील तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वेगळा अर्ज.

नमुना_टिपण
एक राहिलं. नळाचं पाणीही एकदा तपासा, पुरवठा सुरू होतानाच्या पहिल्या पाच मिनिटांतलं. पाइप रिकामा असताना गळक्या जोडातून आजूबाजूचं पाणी आत ओढलं जातं. आणि तोवर पिवळ्या बोअरचं पाणी उकळून प्यायला घेऊ नका. उकळल्याने जिवाणू मरतात, धातू तसेच राहतात, उलट पाणी आटलं की थोडे वाढतात.