न्यूयॉर्कचं व्हिटनी म्युझियम: आईबाबांना नेऊ का?

एडिसनची_पाहुणी
मंडळी, आईबाबा नाशिकहून आलेत, पुढच्या आठवड्यात परत जाणार. लिबर्टी, टाइम्स स्क्वेअर, नायगारा सगळं उरकलं. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांच्या मागे लागण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे जाण्याआधी एक तरी चांगलं म्युझियम दाखवायचंच आहे. ऑफिसातली एक म्हणाली व्हिटनीला जा, तिथे फक्त अमेरिकन आर्ट असतं आणि जागा आटोपशीर आहे. पण तिकीट ३० डॉलर, आई उभ्या उभ्या रुपयांत हिशेब करणार, वर तिचे गुडघे. आणि बाबांचा जीव वॉटरकलर आणि लँडस्केपमध्ये, मॉडर्न म्हटलं की चष्मा खाली करून बघतात. एकच दिवस हातात आहे. मेट्रोपॉलिटन म्युझियम (मेट) की व्हिटनी?

गाडी_५_१२ची
शुक्रवारी संध्याकाळी न्या की! ५ ते १० फुकट असतं, फक्त ऑनलाइन आधी बुक करून ठेवा. महिन्याच्या दुसऱ्या रविवारीही फुकट असतं पण तेव्हा पोराबाळांची जत्रा. मंगळवारी बंद. न्यू जर्सीतल्या एडिसनहून ट्रेनने पेन स्टेशन, तिथून ए, सी किंवा ई पकडून १४ स्ट्रीटला उतरायचं, लिफ्ट आहे. तिथून दहा मिनिटं चालायला लागतं आणि मीटपॅकिंग भागातले काही रस्ते जुन्या दगडी फरशीचे आहेत, ओबडधोबड, आईंना त्यावरून चालवू नका, सरळ टॅक्सी करा. आत व्हीलचेअर मागितली तर देतात. आणि सुरुवात वरून करायची, म्हणजे लिफ्टने आठव्या मजल्यावर जायचं आणि एकेक मजला खाली उतरत यायचं. बाहेरच्या बाजूला गच्च्या आणि त्यांना जोडणारे जिने आहेत, बाबांना आवडतील, आईंना आतूनच आणा. पाचव्या मजल्यावर पश्चिमेला मोठी काच आहे, समोर हडसन नदी आणि पलीकडे आपलं जर्सी!! तिथे सोफे आहेत. माझी सासू तिथे तासभर बसली होती, चित्रं आम्ही बघितली.

कुजकट_काका
आयुष्यात एकदा न्यूयॉर्कला आलेल्या माणसाला मेट सोडून व्हिटनी दाखवणार? मेटमध्ये इजिप्तपासून व्हॅन गॉगपर्यंत सगळं आहे. मॉडर्नच्या नावाखाली भिंतीला टेकवलेली ट्यूबलाइट बघायला ३० डॉलर कशाला.

जेजेचा_जुना_पापी
काका, गंमत म्हणजे व्हिटनी उभं राहिलं तेच मेटच्या नकारामुळे. गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी ही स्वतः शिल्पकार बाई, तिने त्या काळातल्या अमेरिकन चित्रकारांची पाचशेच्या वर कामं जमवली होती, १९२९ मध्ये मेटला देऊ केली, त्यांनी नको म्हटलं. मग १९३१ मध्ये तिने ग्रीनिच व्हिलेजात स्वतःचंच म्युझियम उघडलं. आताची इमारत रेंझो पियानो या आर्किटेक्टची, २०१५ ची.

आणि एडिसनताई, मेट एका दिवसात होत नाही, गुडघेवाल्या माणसाला घेऊन तर मुळीच नाही. ड्रॉइंगच्या सरांना तर मी व्हिटनीलाच नेईन आणि ते एडवर्ड हॉपरसाठी. त्याच्या बायकोने, जोसेफीनने, मृत्युपत्रात सगळं व्हिटनीला दिलं, आज त्यांच्याकडे त्याची ३१०० च्या वर कामं आहेत, त्यात वॉटरकलर आणि कच्ची ड्रॉइंग्जही आली. बाई स्वतः चित्रकार होती हे लोक विसरतात, असो.

त्याचं १९३० चं ‘अर्ली संडे मॉर्निंग’ भिंतीवर असेल तर बाबांना तिथे एकटं सोडा. दुमजली लाल विटांची चाळवजा इमारत, खाली बंद दुकानं, न्हाव्याचा रंगीत खांब, पाण्याचा नळखांब, आणि उन्हाच्या लांबच लांब सावल्या. दुकानांवर अक्षरं आहेत पण एकही वाचता येत नाही, नुसते ब्रशचे फटकारे. वरच्या एका खिडकीत आधी माणूस काढला होता, मग हॉपरने तो रंगवून बुजवला. मेमरी ड्रॉइंगला ‘माणसं काढा रे’ म्हणून ओरडलेल्या सरांना हे दाखवाच 😀

अ‍ॅब्स्ट्रॅक्टपैकी जे डिफिओ (Jay DeFeo) या चित्रकार बाईचं ‘द रोझ’ मिळालं तर बघा. एकाच चित्रावर १९५८ ते ६६ अशी आठ वर्षं रंगाचे थर चढवत बसली होती, वजन जवळपास टनभर, घरातून बाहेर काढायला खिडकीची भिंत फोडावी लागली. पुढे बरीच वर्षं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या एका आर्ट कॉलेजात खोट्या भिंतीमागे पडून होतं, व्हिटनीने ते ९५ मध्ये घेतलं. हे ऐकल्यावर कोणी ट्यूबलाइट म्हणणार नाही.

आणि मार्क रॉथ्को या अ‍ॅब्स्ट्रॅक्ट चित्रकाराचं काही असेलच तर आपल्या अ‍ॅब्स्ट्रॅक्टवाल्या चित्रकार गायतोंडेंचा विषय काढा. नागपूरचा जन्म, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचे, रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर १९६४-६५ मध्ये याच शहरात होते, आणि २०१४ मध्ये इथल्याच गुगेनहाइम म्युझियमने त्यांचं मोठं प्रदर्शन केलं.

फक्त एक, कायमच्या संग्रहातलं सगळं एका वेळी लागलेलं नसतं, निघायच्या आधी साइटवर बघून घ्या, नाहीतर सर माझ्या नावाने बोटं मोडतील.

कुजकट_काका
हॉपर माहीत होता हो. ट्यूबलाइटवर मी ठाम आहे.

एडिसनची_पाहुणी
जेजेवाले, बाबांना वाचून दाखवलं, गायतोंडे म्हटल्यावर चष्मा लगेच वर गेला. शुक्रवारचं बुकिंग केलं. आई विचारतेय डबा नेला तर कुठे खायचा? धपाटे आणि दही.

गाडी_५_१२ची
गॅलरीत चालणार नाही, आणि मोठी सॅक खाली जमा करावी लागते, छोटी पिशवी न्या. खायचं समोर नदीवर. रस्ता ओलांडला की गॅन्सवूर्टचा नवा पार्क आहे, तिथे बसा. पाण्यात स्टीलच्या नुसत्या रेघांनी उभी केलेली एक रिकामी शेड दिसेल, डेव्हिड हॅमन्सचं काम आहे ते, २०२१ चं, पूर्वी तिथे जी गोदी होती तिच्याच मापाचं. पाचच्या आधी पोचून जेवून घ्या म्हणजे आत कुणी पोटाची तक्रार करणार नाही. दही मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात.