जमीन मालकाचीच राहते

निसर्ग राखण्यासाठी जमिनी जपणाऱ्या संस्थांकडे, म्हणजे लँड ट्रस्टकडे, एवढ्या जमिनी विकत घ्यायला पैसा कुठून येतो, असं कुणीतरी विचारलंय. बरेचदा विकत घ्यावीच लागत नाही. अमेरिकेतल्या लँड ट्रस्टचं मोठं हत्यार म्हणजे कॉन्झर्व्हेशन ईझमेंट, म्हणजे मालक आणि ट्रस्ट यांच्यातला जमीन जपण्याचा करार. जमीन मालकाच्याच नावावर राहते. तो ती कसतो, विकतो, मुलांना देतो. फक्त तिथे प्लॉट पाडायचा, इमारती उठवायचा हक्क तो कायमचा सोडतो. ही अट दस्तात नोंदवली जाते आणि पुढच्या प्रत्येक मालकाला लागू होते. हक्क दान केला तर सहसा आयकरात सवलतही मिळते.

खरी मेहनत त्यानंतर सुरू होते. करारावेळी ओढे, झाडोरा, पायवाटा यांचे नकाशे आणि फोटो करून ठेवतात. मग दरवर्षी कुणीतरी, अनेकदा स्वयंसेवक, हद्दीवरून चालत बघतो: शेजाऱ्याची शेड आत सरकली का, राडारोडा टाकलाय का, झाडं तोडून रस्ता काढलाय का. प्रकरण कोर्टात जाऊ शकतं, म्हणून शहाणे ट्रस्ट त्यासाठीचा निधी आधीच बाजूला काढतात.

कोकणातली कितीतरी जंगलं खासगी मालकीची आहेत, त्यामुळे मला हा मार्ग आपल्यासाठी फार मोलाचा वाटतो. संगमेश्वर भागात पुण्याची एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन) ही संस्था मालकांशी जंगल न तोडण्याचे करार करतेच. तिथल्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो, आणि हिरडा-बेहड्याची फळं नीट गोळा करून विकली की झाड उभं ठेवूनही चार पैसे हाती येतात. हे करार मात्र मुदतीचे. मुदत संपली की मालकाला पुन्हा पटवावं लागतं.