बोलता न येणाऱ्या रुग्णासाठी रात्री आवाज-हालचाल टिपणारं यंत्र घ्यावं का?

कऱ्हाडची सून
सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून अंथरूण सुटलं नाही, वाचाही गेली. दिवसा मावशी येतात, रात्री मी. यांचं म्हणणं, गादीखाली ठेवायचा सेन्सर घेऊ. सध्या मी उशाशी जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावते. सकाळी ऐकावं तर पंखा, एअर बेडचा पंप आणि मध्येच खोकला. यातून समजायचं काय?

निवृत्त सिस्टर, मिरज
ताई, आधी श्वास मोजा. त्या शांत झोपलेल्या असताना, पोटाकडे बघत, पूर्ण मिनिटभर. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची घाई नको. 12 ते 20 ठीक. 25 किंवा वर असेल तर लगेच डॉक्टरांना फोन, अंग गार असलं तरी. म्हातारपणी न्यूमोनियात ताप येईलच असं नाही, श्वास मात्र बऱ्याचदा आधी वाढतो. सेन्सर रात्रभर तेच मोजतो, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. कूस मात्र तो बदलून देत नाही. दर दोन तासांनी ते तुम्हालाच करायचंय.

खोकला कधी येतो ते लिहून ठेवा. भरवताना किंवा लगेच नंतर येत असेल, घशात ओला आवाज होत असेल, तर घास श्वासनलिकेत जात असू शकतो. तेवढीच क्लिप डॉक्टरांना ऐकवा, अख्खी रात्र कुणी ऐकत नाही! बसवून भरवा, नंतर अर्धा तास डोकं उंच ठेवा.

आणि कण्हणं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचं दुखणं ओळखायला पेनॅड नावाची मोजणी आहे: श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल, समजावल्यावर शांत होणं. प्रत्येकाला 0 ते 2 गुण. कूस बदलताना कपाळाला आठ्या पडत असतील तर ते दुखणंच समजा.

गादीखालचा इंजिनिअर
हृदयाच्या ठोक्यागणिक शरीर किंचित हलतं, सेन्सर ते पकडतो. म्हणूनच पंपाचे हादरे किंवा पलंगावर बसलेलं दुसरं माणूस आकडे बिघडवतं. तुमच्याच एअर बेडवर लावून दाखवायला सांगा, मग पैसे द्या. मावशी येतात तेव्हाही मोबाइल रेकॉर्डिंगला असेल, तर ते त्यांना सांगितलंय ना?

कऱ्हाडची सून
नव्हतं सांगितलं, आज सांगते. आत्ता श्वास मोजला, 23 आला.

निवृत्त सिस्टर, मिरज
अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तेवढाच आला तर उद्यावर ढकलू नका, आजच दाखवा.