पाडव्याच्या सुमारास भंडारदरा-रतनगड परिसरात प्रस्तरारोहण आणि माउंटन बायकिंग करावे का?

प्रश्न : कातळवाट

नमस्कार. गुढीपाडव्याला जोडून येणाऱ्या सुट्टीत आम्ही चौघे जण पुण्याहून तीन दिवसांसाठी भंडारदऱ्याला जाण्याच्या विचारात आहोत. आमच्यापैकी दोघांना रतनगडाशेजारचा खुट्टा सुळका चढायचा आहे आणि वेळ उरल्यास मदनगडाचा कातळटप्पाही करायचा आहे. बाकीचे दोघे माउंटन बाइक घेऊन येणार असून शेंडीहून निघून मुरशेत, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा भंडारदरा धरणाच्या जलाशयाला पूर्ण वळसा घालण्याचा त्यांचा बेत आहे.

आजवर आम्ही या भागात फक्त डिसेंबर-जानेवारीत आलो असल्यामुळे थंडीतला कातळ परिचयाचा आहे, फाल्गुन-चैत्रातला नाही. उन्हाचा त्रास टाळण्यासाठी पहाटे चारला हेडटॉर्च लावून निघावे, उजाडण्याआधीच सुळक्याच्या तळाशी पोहोचावे आणि दहापर्यंत उतरून यावे, असे सध्या ठरवले आहे. हे योग्य आहे का? गडावर पाणी मिळेल का? सायकलच्या वाटा कशा असतात? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : जुना दोर

उन्हाच्या दृष्टीने आपला बेत बरोबर आहे, पण आग्या मोहोळांच्या दृष्टीने तो धोक्याचा आहे, आणि या दिवसांत सह्याद्रीच्या कातळावर पहिला विचार मोहोळांचाच करावा लागतो. पळस, पांगारा आणि सावर फुलल्यानंतर जांभूळ आणि हिरडा मोहरतो, त्यामुळे माश्यांची खाण्याची चंगळ असते आणि कड्याच्या पुढे आलेल्या छपराखाली मोहोळे भरलेली असतात. आग्या माशी रात्री उजेडाकडे धावते, हे अनेक आरोहकांना ठाऊक नसते. दोघांच्या कपाळावरचे दिवे पोळ्याच्या बरोबर खाली हलत असतील, तर आपण होऊन त्यांना बोलावल्यासारखेच होते.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. सात-आठ वर्षांपूर्वी एप्रिलच्या सुरुवातीला एका सुळक्याच्या तळाशी आम्ही अंधारातच पोहोचलो होतो. मी हार्नेसचा (दोर अडकवण्यासाठी कमरेला बांधायच्या साजाचा) पट्टा आवळत असताना कोरड्या पाल्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा आवाज वरून येऊ लागला. आकाश निरभ्र होते. तो आवाज कशाचा आहे हे उमगेपर्यंत माझ्या सोबत्याच्या टॉर्चच्या काचेवर माश्यांचा थर बसला होता. दिवे विझवून, तोंड झाकून, सामान तिथेच टाकून आम्ही घळीतून खाली आलो. तरीही त्याला चाळीसच्या वर दंश झाले होते आणि गावापर्यंत येताना तो सतत उलट्या करत होता. तो बचावला, पण त्यानंतर मी उजाडण्याआधी कड्याखाली कधी गेलो नाही.

म्हणून आपण असे करावे. आदल्या दिवशी संध्याकाळी दुर्बिणीने सुळक्याची चढाईची बाजू नीट न्याहाळावी. या माश्या दर हंगामात बहुधा जुन्या जागी परततात, त्यामुळे छपराखाली मेणाचे काळपट डाग दिसले तरी ती वाट संशयास्पद समजावी. भरलेल्या पोळ्यावरून मधूनच लाटेसारखी एक चमक सरकत गेलेली दिसते. त्या माश्या अस्वस्थ झाल्याची ती खूण असते, तेव्हा तिथून मुकाट्याने मागे फिरावे. पहाटे निघायला हरकत नाही, पण कातळापासून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर दिवे बंद करून बसावे आणि पुरते फटफटल्यावरच पुढे जावे. यात थंडाव्याचा तासभर वाया जातो, आणि तो जाऊ द्यावा. अत्तर, सुगंधी तेल, धूम्रपान आणि चुलीचा धूर पूर्णपणे टाळावा.

आरोहकाला केव्हाही तळापर्यंत खाली सोडता यावे, यासाठी या हंगामात एका टप्प्याची उंची दोराच्या निम्म्याहून कमी ठेवावी. माश्या आल्याच तर हात झाडू नयेत. माशीचा काटा कातडीत राहिला की त्याच्या वासाने इतर माश्या तिथेच चालून येतात, म्हणून सुरक्षित जागी पोहोचताच तो नखाने खरवडून काढावा.

आता कातळाविषयी. आपला बेसॉल्ट थरांचा आहे. दोन कठीण थरांमध्ये मऊ, तांबूस पट्टा असतो आणि पावसाळ्यापासून त्याला धरून ठेवणारी माती या दिवसांत वाळून सुटते. थंडीत ज्या गवताच्या झुबक्याला हात घालून घसारा पार करता येतो, तोच झुबका आता मुळासकट हातात येतो. वणवा गेलेल्या उतारावरचे दगड तर नुसते टेकलेले असतात. कातळात ठोकलेल्या जुन्या मेखा हातोडीने वाजवून पाहाव्यात. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर तिच्यावर भार टाकू नये. कोकणाकडे तोंड असलेल्या कड्यांवर साधारण दुपारी बारापर्यंत सावली असते आणि पूर्वेकडच्या भिंती सकाळी आठलाच तापू लागतात, एवढे ध्यानात ठेवून बाजू निवडावी.

मदनगड मात्र या खेपेला सोडून द्यावा. त्यासाठी आंबेवाडीच्या बाजूला जावे लागते, इंग्रजांनी पायऱ्या उडवल्यामुळे तयार झालेला तो कातळटप्पा उघडा आहे आणि दोर-पाण्याचे ओझे घेऊन तिथवर पोहोचेपर्यंत ऊन चढलेले असते. त्याची वेळ डिसेंबरची.

उत्तर २ : चाकोरी

सायकलस्वारांसाठी लिहितो. जलाशयाचा वळसा साधारण ४० ते ४५ किलोमीटरचा पडतो. आपण लिहिलेली दिशाच ठेवावी, कारण सकाळी शेंडीहून घाटघरकडे जाताना सूर्य पाठीशी असतो आणि दुपारनंतर रतनवाडीहून परतताना तो पुन्हा पाठीशीच येतो. शिवाय दुपारी कोकणातून घाटमाथ्यावर येणारा वारा परतीच्या वाटेवर मागून लागतो. सहाला निघून नऊच्या आत घाटघर गाठावे, भर दुपार साम्रद किंवा रतनवाडीत सावलीत काढावी आणि चारनंतर उरलेला रस्ता संपवावा.

रस्ता बहुतांश डांबरी असला तरी मी गेलो तेव्हा घाटघरच्या पुढे तो जागोजागी उखडलेला होता. खरी काळजी बाजूच्या कच्च्या वाटांची आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या या दिवसांत विटेसारख्या कडक होतात आणि त्यावर घोट्याएवढा फुफाटा साचलेला असतो, त्यामुळे चाकोरी दिसत नाही आणि पुढचे चाक तिच्यात अडकले की सायकल वळवता येत नाही. अशा उतारावर वेग आधीच कमी करावा. फुफाट्यात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबू नये. हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी. ट्यूबलेस टायर असतील तर निघण्यापूर्वी आतले सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारे द्रावण) तपासावे, उन्हाळ्यात ते लवकर सुकते आणि करवंदीच्या काट्यांपुढे निरुपयोगी ठरते. माणशी ३ लिटर पाणी सोबत हवेच.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून जंगलात नव्या वाटा पाडू नयेत.

उत्तर ३ : साम्रदकर

नमस्कार. मी साम्रदचाच राहणारा आहे. वरच्या दोघांनी सांगितलेले बरोबर आहे, त्यात गावाकडची बाजू जोडतो.

या दिवसांत आम्ही राब भाजतो. भाताचे रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि तोडलेल्या फांद्या पसरून, वर माती टाकून ते पेटवतात. खाचरे कड्याच्या पायथ्याशी असली की धूर घळीतून सरळ वर जातो आणि मोहोळे उठतात. म्हणून उद्या कोणाचा राब आहे, हे आदल्या रात्री गावात विचारल्याशिवाय कोणत्याही कातळाला जाऊ नये. हे इंटरनेटवर कळणार नाही, पण गावातल्या कोणत्याही घरी कळेल.

भात निघाल्यावर खाचरे मोकळी दिसतात आणि सायकलवाल्यांना बांधावरून जाण्याचा मोह होतो. कृपया तसे करू नका. बांध फुटला तर पहिल्या पावसात माती वाहून जाते आणि तो पुन्हा घालायला घरातल्या दोन माणसांचे दिवस मोडतात.

पाण्याचेही तसेच आहे. समोर एवढा मोठा जलाशय दिसतो, पण आमच्या वस्तीची विहीर होळीनंतर खाली जाते आणि बायका पहाटे नंबर लावतात. पिण्यासाठी पाणी कोणीही देईल. त्या पाण्याने सायकल मात्र धुऊ नका. रतनगडावरच्या टाक्यांत पाणी असते, पण ते गाळून आणि उकळूनच प्यावे.

कातळवाट

सर्वांचे मनापासून आभार. मदनगड रद्द केला आहे आणि उजाडल्यानंतरच कातळाला हात लावण्याचे ठरवले आहे. एक शंका उरते. आमच्यातल्या एका आरोहकाला पूर्वी साध्या मधमाशीच्या एकाच दंशाने ओठ सुजून श्वासाला त्रास झाला होता. त्याने वर न चढता खालून फक्त बिले दिला (म्हणजे चढणाऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळले) तर चालेल का?

जुना दोर

चालणार नाही. बिले देणाऱ्याला जागा सोडता येत नाही, आणि माश्या उठल्या तर वरचा माणूस त्याच्याच हातांवर लटकलेला असतो. त्याने आधी डॉक्टरांना भेटून तीव्र अॅलर्जीवर तातडीने घ्यायच्या अॅड्रेनॅलिनच्या इंजेक्शनबाबत विचारावे आणि या खेपेला कड्याच्या आसपासही थांबू नये. दोघांपैकी एकच आरोहक उरत असेल, तर खुट्टाही पुढे ढकलावा.

साम्रदकर

त्या दादांना आमच्याकडे थांबू द्या. सांदण दरीच्या तोंडापर्यंत सकाळी फिरून येता येईल. तिथेही कपारींत मोहोळे असतात, म्हणून आत शिरायचे की नाही ते त्या दिवशी पाहून सांगेन. पाडव्याला घरोघरी सण असतो, त्यामुळे जेवायला किती माणसे आहेत ते दोन दिवस आधी कळवावे आणि त्या दिवशी दुपारनंतरच पोहोचावे.